कालियचा अपाच्या खोलीतलं मोजमाप

मोबाइल टॉवरच्या लहरी मोजायच्या आणि त्या मर्यादेत आहेत की नाहीत ते लिहायचं, हे माझं काम. आमच्याकडे मर्यादा मीटरवर दहाची. कोचकोरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावांत, इतक्या वर्षांत मला तीनच्या वर आकडा दिसला नव्हता.

मे महिन्यात तिकडच्या शेवटच्या गावातून कालियचा नावाच्या बाईचा अर्ज आला; वडीलधारी म्हणून सगळे तिला अपा म्हणत. टॉवर तिच्या खिडकीसमोरच होता. डोकं जड होतं, झोप लागत नाही, कुणीतरी येऊन बघा, असं तिनं लिहिलं होतं. मी गेलो, पण तिच्या घरापर्यंत नाही. बर्फ वितळून चढावर गुडघाभर चिखल झाला होता आणि खाली टॉवरचा राखणदार शेयशेन यानं आपल्या घरी मेंढा शिजवला होता.

"म्हातारीला करमत नाही, म्हणून टॉवरशी भांडते," तो म्हणाला. "बस तू."

मी बसलो. जेवण झाल्यावर हात पुसले आणि फॉर्मवर तिच्या झोपायच्या खोलीपुढे १.८ लिहिलं. पटण्यासारखा आकडा होता.

सप्टेंबरात तिचा दुसरा अर्ज आला. या वेळी मात्र चढ चढलो, दारात बूट काढले. अपा सत्तरीची, एकटीच राहायची. तिनं चहाचं आधण ठेवलं.

अंगणात मीटरनं ०.६ दाखवलं, स्वयंपाकघरात ०.३. आकडे सारखे हलत होते. ते हलतातच, गावात किती जण फोनवर आहेत त्यावर वरखाली होतात. झोपायच्या खोलीत शिरलो आणि आकडा १.८ वर थांबला. खिडकीपाशी तेवढाच. पलंगापाशी तेवढाच. मीटर जमिनीलगत धरला, छताकडे उंच केला. काडीचा फरक नाही.

कंपनीला फोन करून टॉवर दहा मिनिटं बंद करवला. माझ्या फोनची रेंज गेली. अंगणात मीटर शून्यावर आला.

खोलीत १.८.

अपा दारात उभी होती. तिच्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून मीटरकडे बघतच बोललो.

"अपा, मे महिन्यात मी तुमच्याकडे आलोच नव्हतो. खाली बसून आकडा लिहिला. खोटा होता."

"आला होतास की, बाळा," ती म्हणाली. "हेच यंत्र होतं हातात. त्या कोपऱ्यात उभा राहिलास. बस म्हटलं, तर बसला नाहीस."

"मग गेलो कधी?"

"गेलास कुठं?"

कोपऱ्यात जमिनीवर अंथरलेल्या नमद्यावर दोन पावलांपुरती लोकर दबून गुळगुळीत झाली होती.

अपानं आवाज खाली आणला, कुणी ऐकू नये तसा. "मान वर करत नाही. कसली लाज वाटते त्याला, कोण जाणे. असं कुणी उशाशी उभं राहिलं तर झोप कशी लागायची?" मग तिनं विचारलं, हे तुमच्या मर्यादेत बसतं का.

मी हो म्हणालो. दहाच्या आत होतं ना. आजही सगळ्यात जास्त लाज मला त्या 'हो'ची वाटते.

तिनं दोन वाट्या चहा ओतला. एक माझ्या हातात दिली. दुसरी कोपऱ्यात नेऊन ठेवली.

उतरताना शेयशेननं हाक मारली. मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे दोन्ही फॉर्म ठेवले आणि पहिला कसा भरला ते सांगितलं. माझं काम काढून घेतलं. त्याबद्दल तक्रार नाही. नवा माणूस अपाकडे जाऊन आला. त्यानंही तिच्या खोलीपुढे १.८ लिहिलं. तो खरंच आत गेला होता का, ते मी विचारलं नाही.

जानेवारीत शेयशेनबरोबर अपाचा निरोप आला. माझी तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. तो अजून उभाच असतो.

पण आता चहा प्यायला लागलाय.