रक्तांक एकेचाळीस

पोह्यांच्या आधी सुई आली. सांगलीत मुलगी बघण्याची आता हीच रीत होती. आधी दोघांच्या बोटाचं थेंबभर रक्त, मग पोहे, पत्रिका वगैरे सवडीनं. शर्विलच्या थेंबानं यंत्रावर तीन दाखवले. ओवीच्या थेंबानं एकेचाळीस.

"अगंबाई! म्हणजे हिचं शमन झालेलंच नाही?" शर्विलची आई, प्राजक्ताबाई, खुर्चीत ताठ झाल्या.

"नाही. आणि करणारही नाही," ओवी म्हणाली. तिच्या बाबांनी कपाळाला हात लावला.

पूर्वसूचिन हे रक्तातलं एक प्रथिन. ते ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात पुढे कर्करोगही जास्त, असं वीस वर्षांपूर्वी आढळलं. त्याचं माप म्हणजे रक्तांक. मग ते उतरवणारं इंजेक्शन निघालं, त्याचं नाव शमन. पूर्वी मंगळाची शांत करत, तसे लोक दरवर्षी शमन करून घेऊ लागले. दहाच्या वर आकडा असला, तर ना नोकरी ना नवरा. आणि आकडा उतरला की माणूस निर्धास्त. मग तपासणीला कोण कशाला जातंय?

ओवीची आई कर्करोगानं गेली तेव्हा तिचा रक्तांक दोन होता. तिला शमनाचं इंजेक्शन दिलं होतं तिच्या सख्ख्या बहिणीनं. पूर्वसूचिन शोधून काढणाऱ्या त्या डॉक्टर स्नेहल आज इथंच बसल्या होत्या, मान खाली घालून.

"मावशी, आज सगळ्यांसमोर सांग," ओवी म्हणाली. "हे प्रथिन रोग करतं, की रोग येतोय असं सांगतं?"

"कुत्रं भुंकतं त्याच घरी चोरी होते, एवढंच आम्ही पाहिलं," मावशी हळूच म्हणाली. "कुत्रंच चोराला सामील आहे, की चोर बघून ते भुंकतंय, हे नाही कळलं."

"आणि तुम्ही कुत्र्याचं तोंड बांधलंत!"

"पण हे कळणार कसं?" शर्विलनं विचारलं.

"शेकडो लोकांना शमन न देता वर्षानुवर्षं बघायला हवं होतं. पण इंजेक्शन निघाल्यावर थांबतंय कोण?" मावशी म्हणाली. " आता तसा माणूस औषधालासुद्धा सापडत नाही."

"हा घे, सापडला!" ओवीनं हात पुढे केला. "एकटीनं भागणार नाही, ठाऊक आहे मला. पण सुरुवात तर कर."

"अगं पोरी, जिवाची भीती नाही वाटत?" प्राजक्ताबाईंना राहवेना.

"वाटते ना! म्हणून तर दरसाल सगळं अंग तपासून घेते. प्रथिनच रोग करत असेल, तर मरेन मी माझ्या हट्टापायी. पण आईसारखी बेसावध नाही मरायची."

ओवीनं पुढे केलेला हात मागे घेतला नाही. मावशीनं डोळे पुसले आणि पिशवीतून रक्त घ्यायची नळी काढली.

"हे काही जमायचं नाही," असं म्हणत प्राजक्ताबाई उठल्या. चपला घालता घालता मात्र थबकल्या.

"डॉक्टर, शमनाआधी माझा साठ होता. आता चार आहे. आत काही असलंच, तर रक्तात दिसेल ना हो?"

मावशीनं भाचीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. आता नाही दिसायचं."

प्राजक्ताबाईंनी चपला काढल्या. परत आत येऊन त्या ओवीच्या शेजारी बसल्या.

"बाळा," त्यांनी विचारलं, "तू तपासायला जातेस ते कुठं गं?"