टेन्सॉचा माणूस

गाळपाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडच्या रस्त्यांचा काही भरवसा राहत नाही. उसाच्या ट्रॉल्या शेतातला चिखल डांबरावर आणून टाकतात, आणि वर जराशी भुरभुर झाली की त्याचं लोणी होतं. त्या दुपारी मुलांना घरोघरी सोडून मी शाळेची रिकामी बस परत नेत होते. वळणावर एक पांढरी गाडी दिसली – पुढची चाकं चरात, मागची हवेत. शेजारी एक उंच माणूस एका पायावर उभा. दुसऱ्या पायातला चकचकीत बूट चिखलात रुतून बसला होता आणि तो वाकून तो उपसत होता. त्यानं हात केला नाही. नुसता हसला... ओशाळं.

बसमध्ये बाहेरच्या माणसाला घ्यायचं नाही, हा नियम नव्या ड्रायव्हरांना मीच शिकवते. तरी दार उघडलं आणि म्हटलं, "चढा."

सीट लहान मुलांच्या मापाची, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीला टेकले होते. नाव ऑल्डन चॅटमन. उत्तरेकडच्या टेन्सॉ विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी शाळांमधली पोरं निवडायचं काम करतो म्हणाला. एका मुलाला भेटायला निघाला होता. माझे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. विद्यापीठानं चार तास गाडी हाकत माणूस पाठवावा असा आमच्या गावात एकच मुलगा होता, आणि तो माझा भाऊ होता. त्यानं माझं नाव विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

"मुलगा सोपा आहे म्हणतात," तो चिखल पुसत म्हणाला. "अवघड आहे ती बहीण. आई नाही, वडील साखर कारखान्यात, तिनंच वाढवलंय त्याला. ऑबिन विद्यापीठाच्या माणसाला म्हणे तिनं पायरीवरूनच परत पाठवलं. कॉफीसुद्धा विचारली नाही."

"मग तुम्ही काय ठरवलंय?"

"कौतुक करायचं. स्वयंपाकाचं, नाहीतर पडद्यांचं. पडदे असतातच ना घरात."

मी बस आमच्या फाटकाशी थांबवली. "उतरा. पडदे हिरवे आहेत. आणि कॉफी मी विचारली होती, त्यालाच नको होती."

त्याच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते अजून आठवलं तरी मला हसू येतं. पण तो पळाला नाही. पायरीवर दोन्ही बूट काढून ठेवले आणि मोज्यांवर आत आला. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलेलं त्यानं पाहिलं... तिथूनच माझी झोप बिघडली.

माझा भाऊ ज्यूल्स सतरा वर्षांचा. संघाच्या अगदी पुढच्या रांगेत खेळायचा. समोरच्यानं चेंडू फेकायला हात उचलावा, तोवर ज्यूल्स त्याच्या अंगावर. शाळा संपताना अशा पोरांना विद्यापीठं उचलून नेतात, शिक्षणाचा सगळा खर्च करतात. ज्यूल्ससाठी दोन विद्यापीठं हट्टाला पेटली होती. ऑबिन तासाभरावर, निळ्या रंगाचं, श्रीमंत. त्यांचा कोच हॅगर्टी तर एकदा शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टरनं उतरला होता. टेन्सॉ लांबचं, किरमिजी रंगाचं, ऑबिनशी पिढ्यान् पिढ्यांचं वैर असलेलं. गाव उभं दुभंगलं. न्हाव्याकडे, चर्चमध्ये, कारखान्याच्या फाटकावर एकच विषय. एरवी ज्यांनी ओळख दाखवली नसती, त्या बायका माझ्यासाठी अक्रोडासारख्या पेकानची गोड पाई घेऊन येऊ लागल्या.

ऑल्डन त्या हिवाळ्याच्या तोंडावर अनेकदा आला. यायला जमलं नाही की फोन करायचा. "ज्यूल्सचा गुडघा कसा आहे?" ही सुरुवात ठरलेली. गुडघा दोन वाक्यांत संपायचा... आणि आम्ही तासभर बोलत राहायचो. तो त्याच्या आईबद्दल सांगायचा, मी बसमधल्या पोरांच्या भांडणांबद्दल. तो मला 'मॅडम' म्हणायचा, ते कधी 'डेल्फीन' झालं आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

मग एका रविवारी चर्चबाहेर मिस ऑर्थेलियांनी माझा हात धरला. त्या आईच्या मैत्रीण, त्यामुळे मला काहीही बोलायचा त्यांना हक्क आहे. "पोरगा पटवायचा असेल तर ही माणसं आधी आईला पटवतात," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या घरात आई नाही. मग उरलं कोण, तूच सांग."

मी हसून सोडून दिलं. पण घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घर करून बसलं होतं. त्यानंतर त्याचा प्रत्येक शब्द मी उलटसुलट करून पाहू लागले. माझ्या हातच्या गंबो रश्श्याचं त्यानं दुसरं वाडगं मागितलं, ते माझ्यासाठी की ज्यूल्ससाठी? माझ्या वाढदिवशी फोन केला, ती आठवण की त्याचं काम? फोन वाजला की आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाचीच भीती वाटायची.

एका शुक्रवारी सामना संपल्यावर आम्ही मैदानाच्या कुंपणाशी उभे होतो. थंडी होती. त्यानं गरम चॉकलेटचा कागदी पेला माझ्या हातात दिला, बोटं क्षणभर बोटांवर राहिली. "ज्यूल्स छान खेळला," तो म्हणाला – पण बघत माझ्याकडे होता.

मला राहवलं नाही. "ज्यूल्स नसता तर तू इथं आला असतास?"

दिवे एकेक करून विझत होते.

"नसतो आलो," तो म्हणाला. "हे गाव आहे हेच मला माहीत नव्हतं, डेल्फीन."

खरं तेच बोलला होता. आणि मला त्याचाच राग आला. जरा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पेला तसाच त्याच्या हातात देऊन मी निघून आले.

सह्यांचा दिवस डिसेंबरातला बुधवार. त्या दिवशी शाळेच्या सभागृहात टेबलावर दोन टोप्या ठेवतात, पोरगा एक डोक्यावर घालतो आणि सही करतो. मग मागे फिरणं नाही. आदल्या आठवड्यात जेवताना ज्यूल्स सहज म्हणाला की मी टेन्सॉला जातोय. मी कारण विचारलं. तिथले मुख्य कोच मॅडॉक्स आपल्याला पहिल्या वर्षापासून खेळवणार आहेत, असं त्यानं सांगितलं. पपांनी मान डोलावली. ते ताट घेऊन उठल्यावर ज्यूल्स खाली बघत म्हणाला,

"आणि तो आला की तू हसतेस, डेल. आई गेल्यापासून तुला असं हसताना पाहिलं नव्हतं मी. तिकडे गेलो तर तो येत राहील ना."

हा पोरगा माझ्या हसण्यासाठी आपली चार वर्षं टेबलावर मांडत होता. मी त्याच्यावर ओरडले, असला वेडेपणा करायचा नाही म्हटलं. त्यानं खांदे उडवले आणि आणखी भात वाढून घेतला. आता माझ्या जिवाला दोन घोर लागले. ऑल्डन खोटा निघाला तर भाऊ फसणार माझ्यामुळे. आणि खरा असला, तरी भावाचा निर्णय त्याचा स्वतःचा नव्हताच.

सह्यांना दोनच दिवस उरले असताना सकाळी बस डेपोत ऑल्डन उभा दिसला. अंगात टेन्सॉचं नेहमीचं किरमिजी जाकीट नव्हतं. साधा करडा स्वेटर, दाढी वाढलेली. मी त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण तो चेहरा पाहून इंजिन बंद केलं.

"मॅडॉक्स चाललाय," तो म्हणाला. "टेक्ससमध्ये दुसरी नोकरी घेतलीय त्यानं. बुधवारी सह्या होऊ द्यायच्या आणि मग जाहीर करायचं, असं ठरलंय. काल रात्री आम्हाला बसवून सांगितलं, तोंड बंद ठेवा म्हणून."

मला आधी नीट कळेचना. मग हळूहळू उमगलं. ज्यूल्सला दिलेला शब्द ज्याचा, तोच तिथं नसणार. नवा कोच आपली माणसं आणणार, आणि माझा भाऊ बाकावर बसून राहणार.

"माझं असंच झालं होतं," ऑल्डन म्हणाला. "मी सही केली आणि मला घेणारा माणूस महिन्यात निघून गेला. चार वर्षांत मैदानावर फारसा उतरलोच नाही. म्हटलं, मी हे काम करीन तेव्हा कोणाला असं फसवणार नाही."

माझं मन तरीही सरळ चालेना. यात काही डाव तर नाही? मी त्याला विचारलं, "हे तू फक्त आम्हाला सांगतोयस?"

"नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. "इथून पुढं आणखी तीन घरं आहेत. दुपारच्या आत गाठायचीत."

विचित्र वाटेल, पण त्या क्षणी माझा त्याच्यावर विश्वास बसला. 'फक्त तुझ्यासाठी' असं तो म्हणाला असता तर मी सुखावले असते आणि पुन्हा रात्रभर तळमळले असते. तो माझ्यासाठी नव्हता आला. त्याला खोटं बोलवेना, म्हणून आला होता.

"तुझ्या नोकरीचं काय?"

"जाईल," तो म्हणाला. घड्याळाकडे पाहिलं आणि गाडीकडे गेला.

त्या संध्याकाळी मी पपांना आणि ज्यूल्सला सगळं सांगितलं. ज्यूल्स बराच वेळ हाताची बोटं मोडत बसला. मग मी त्याला म्हटलं की माझ्या हसण्याचं मी बघून घेईन, तू फक्त तुझं बघ. रात्री तो उठून पपांशी बोलत बसला, आणि मी मुद्दाम त्या खोलीत गेले नाही. बुधवारी त्यानं निळी टोपी उचलली. अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या, अर्ध्यानं खुर्च्या सरकवल्या. दुसऱ्या दिवशी मॅडॉक्सची बातमी आली. टेन्सॉचा, मुलं निवडणारा एक मदतनीस काढून टाकला, हेही त्यात एका ओळीत होतं.

मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. शुक्रवारी दिवसभर बस चालवताना माझं लक्ष खिशातल्या फोनकडे. एका थांब्यावर मी तीन पोरांना उतरवायला विसरले, त्यांनी ओरडून सांगितलं. मला वाटे, काम संपलं, तसं हेही संपलं. मग वाटे, असं असतं तर त्यानं सगळं घालवलं कशासाठी?

शनिवारी सकाळी मी पपांचा जुना पिकअप घेतला आणि उत्तरेकडे निघाले. त्याच्या आईच्या गावाचं नाव त्याच्या बोलण्यातून पाठ झालं होतं. तिथं चॅटमनांचं घर विचारलं, तर पहिल्याच माणसानं हात करून दाखवलं. दार त्याच्या आईनं उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तू डेल्फीन. मागे आहे तो."

मागच्या अंगणात पेकानच्या झाडाखाली तो गुडघ्यांवर बसून गवतातून पेकान वेचत होता. मला पाहून उठला. बादली हातातच राहिली.

"फोन का नाही उचललास?"

"काय बोलणार होतो?" तो म्हणाला. "आजवर प्रत्येक फोनला ज्यूल्स होता. गुडघा होता, सामना होता. आता निमित्तच उरलं नाही."

"मग निमित्ताशिवाय बोल."

त्यानं बादली खाली ठेवली. हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. इतक्या घरांत जाऊन गोड बोलणारा माणूस, आणि त्यानं विचारलं काय तर –

"तू... जेवलीस का?"

"नाही."

"मग थांब," तो म्हणाला. "म्हणजे जेवायलाच नव्हे. मला म्हणायचं होतं – डेल्फीन, मला तू आवडतेस. खूप दिवसांपासून. पण जेव्हा जेव्हा सांगावंसं वाटलं, तेव्हा माझ्या अंगात ते जाकीट होतं. तुला खरं वाटलं नसतं."

"नसतंच वाटलं," मी म्हटलं. "आज वाटतंय."

मग तो जवळ आला. त्याचे तळवे पेकानच्या सालींनी काळे झाले होते. ते माझ्या कोटाला लागू नयेत म्हणून तो नुसताच उभा राहिला, तेव्हा मीच त्याचे हात धरले.

आतून त्याच्या आईनं जेवायला हाक मारली. उशीर होणार म्हणून मी पपांना फोन लावला. ते कामावर होते, मागे कारखान्याची घरघर ऐकू येत होती. मी कुठं आहे ते सांगितलं.

"ज्यूल्सची सही तर ऑबिनला झाली," ते म्हणाले. "त्याला नोकरीही नाही आता. मग आपल्याकडून काय हवंय त्याला?"

मी ऑल्डनकडे पाहिलं. तो पायरीवर दार उघडं धरून माझी वाट पाहत उभा होता.

"मी हवीय, पपा."

घरघर चालू राहिली. मग पपांचा आवाज आला, "बरं. सावकाश जेवून ये."