लाल अक्षरं

दादाच्या उशाखालची पत्र्याची डबी तिने पलंगावर उपडी केली, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटांचा ढीगच पडला... एकही फोडलेलं नव्हतं!

"तीन महिने!" ती ओरडली. "तीन महिने गोळी घेतली नाहीस? म्हणूनच परवा दुकानात कापड बेतता बेतता कोसळलास!"

दादाने चाळीस वर्षं ज्या हाताने शिंपीकाम केलं, तो उजवा हात चादरीवर निमूट पडून होता. साधा पेलाही त्याला धरवत नव्हता, आणि तो पुन्हा कात्री धरेल की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

तिचा संताप मात्र आवरेना. आरोग्याविषयीच्या अफवा कशा पसरतात, त्या कशा खोडाव्यात, याच संशोधनात तिची बावीस वर्षं गेली होती. परिषदांत लोक तिचा शब्द न् शब्द टिपून घेत, पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय खोटं! घरच्या ग्रुपवर चुलत्यांना रोज सकाळी कॅन्सर बरा करणारं नवं पान सापडे, तिने खुलासा धाडला की सगळे अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे होत, म्हणजे तिला अंगठाच दाखवत. तेही तिने सोसलं असतं. पण ज्या दादाने स्वतःची शाळा सोडून तिला शिकवलं, त्यानेच तिच्या विद्येवर असं पाणी फिरवावं?...

"कुठल्या दीडशहाण्याचं ऐकलंस? नाव सांग मला!"

"जाऊ दे ना, मास्तरीणबाई."

"जाऊ कसं देऊ? जगाला शहाणं करत हिंडते मी, आणि माझा सख्खा भाऊ..."

"ताई, पुरे!" वहिनी दारातून आत आली. डोळ्यांत पाणी, पण आवाजाला धार. "बोलू नकोस म्हणून शपथ घातलीय त्यांनी मला. पण आता नाही ऐकवत." तिने दादाचा फोन पुढे केला.

पडद्यावर तिचाच फोटो होता. शेजारी तिच्या संस्थेचा शिक्का, आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत: 'बरं वाटू लागलं की रक्तदाबाची गोळी बंद करावी.'

फोन हातात घेऊन ती पलंगाच्या कडेला टेकली. पत्रक तिचंच होतं! वर लाल अक्षरांत लोकांचा गैरसमज, खाली बारीक अक्षरांत खरी माहिती, ही रचना तिनेच हट्टाने बसवली होती. कुणीतरी खालचा अर्धा भाग कापून ते पुढे धाडलं होतं... आणि कापलं नसतं, तरी दादाला चष्म्याशिवाय ती बारीक अक्षरं थोडीच दिसणार होती!

"मी दुसऱ्या कुणाचं ऐकतो का गं?" दादा हळूच म्हणाला. "तुझा फोटो दिसला म्हणून वाचलं."

"अरे, मग मला एकदा विचारायचंस तरी!"

"तुझंच वाक्य तुला काय विचारायचं?"

तशीच उठून तिने संचालकांना फोन लावला. पुढच्या आठवड्यात ही पत्रकं गावोगावच्या दवाखान्यांत लागणार होती, आणि त्याच कामाबद्दल तिला विभागप्रमुख करायचं घाटत होतं.

"सर, छपाई थांबवा. रचना चुकीची आहे. माझी चूक आहे, तसं लेखी देते."

"भानावर आहात ना? प्रमुखपद हातचं जाईल तुमच्या!"

"जाऊ द्या, सर."

दादा धडपडत उठू लागला. "वेडी आहेस का? माझ्यापायी एवढ्या वर्षांच्या कष्टांवर..."

"शाळा सोडलीस तेव्हा कुणाला विचारलं होतंस रे?" तिने त्याला दटावून पुन्हा निजवलं आणि कागद ओढला. "सांग आता, काय लिहू?"

"मी काय सांगणार?... पण खोटं लिहूच नकोस. कापणारा कुठूनही कापेल. हाती येणारा तुकडा खरा हवा."

तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'गोळी मनाने बंद करू नका, आधी विचारा,' आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"विचारलं होतं, ताई," वहिनी म्हणाली. "गोळी बंद करण्याआधी तीनदा फोन लावला होता यांनी. तुम्ही उचलला नाहीत."

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला म्हणावंसं वाटलं की बैठका असतात, प्रवास असतो... पण तिने त्याचा लुळा हात उचलून आपल्या ओल्या गालावर धरला.

"उचलीन, दादा," ती म्हणाली. "यापुढे उचलीन."