चांदणीच्या दाराखाली

दार ओढून घ्या रे, आणि कंदिलाची वात जरा मोठी करा. हसताय काय? एझ्रा पोकॉकला मी चांगला ओळखायचो. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. आयुष्यात एकदाच बोलला, तेही पचलं नाही.

इंग्लंडातलं हल शहर. १८७१ सालच्या नाताळची दुसरी रात्र, मंगळवार. वर रंगमंचावर पँटोमाइम, म्हणजे नाताळातलं नाचगाण्यांचं हसवणुकीचं नाटक, ऐन रंगात आलं होतं. विदूषक पोलिसाच्या खिशातून सॉसेजची लांबलचक माळ ओढत होता आणि वरच्या माडीवरचं पब्लिक संत्र्याची सालं फेकत खिदळत होतं. खाली तळघरात एझ्रा चरबीचा डबा घेऊन निघाला. काम रोजचंच. हार्लेक्विन, म्हणजे ठिगळांच्या अंगरख्यातला तो मुका गडी, जमिनीतून उसळी मारून वर यायचा. खाली फळीवर उभं राहून तो लाकडी पट्टीनं खांबावर दोनदा ठोकायचा. लगेच दोराची माणसं वजनं सोडायची आणि फळी सुसाट वर जायची. डोक्यावर चांदणीच्या आकाराचं दार, धक्क्यासरशी त्याच्या पाकळ्या उघडायच्या. पाकळ्यांना खालून चरबी फासायची आणि अडसर काढायचा, हे एझ्राचं काम. आधीच्या नाचात कुणाचा पाय आत जाऊ नये म्हणून तो अडसर घातलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी याच दारावर साइलस व्हेरिन आपटून मेला. काय हार्लेक्विन होता! डाव्या हाताची करंगळी दोरात तुटलेली, तरी पट्टी अशी फिरवायचा की बघत राहावं. 'बिजागरी अडकली,' असं एझ्रानं चौकशीत सांगितलं होतं.

आज साइलसच्या जागी एझ्राचा एकुलता एक मुलगा नेड पहिल्यांदाच उभा राहणार होता.

एझ्रानं पाकळ्यांना चरबी फासली, तेवढ्यात नेडची हाक आली.

"बाबा, आधी हा मुखवटा बांधा ना. माझे हात थरथरतायत."

"पहिल्या रात्री सगळ्यांचेच थरथरतात. साइलसचेही..." एझ्रानं जीभ चावली. घाईघाईनं गाठ मारली आणि डबा बाजूला ठेवला.

नेड फळीवर चढला. पट्टी खांबावर वाजली. टक, टक. दोरावरच्या जोनासनं वजनं सोडली.

फळी जागची हलेना.

"पोरगं आख्खं बदक खाऊन आलंय का रे?" जोनास ओरडला.

"दुपारीच धान्यवाल्याच्या काट्यावर तोललाय त्याला!" एझ्रा म्हणाला.

"मग टाक आणखी वजन. वर लोक बोंबलतायत!"

एझ्रानं एक लोखंडी वजन उचललं.

"बाबा..." नेडचा आवाज बसला होता. "माझ्यामागं कोण उभंय?"

"कुणी नाही रे."

"खांद्यावर हात आहे... खाली दाबतोय."

एझ्रानं कंदील वर धरला. मागं कुणी नव्हतं. पण नेडच्या डाव्या खांद्यावरचं कापड आत दबलं होतं.

वर फिडलवाला तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत होता. लोक पाय आपटत होते. एझ्राच्या हातातलं वजन गळून पडलं.  साइलस पोराला न्यायला आलाय, दुसरं काय?

"साइलस... पोराला सोड रे. बिजागरी नव्हती. मी होतो. मीच अडसर काढायला..."

 त्यानं मान वर केली.

अडसर जागच्या जागी होता.

आजसुद्धा...

एझ्रानं नेडच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला फळीवरून खाली ओढलं. दोघं जमिनीवर पडले. नेडनं लहान पोरासारखे दोन्ही हात बापाच्या गळ्यात घातले. पट्टी कुठंतरी अंधारात घरंगळली.

फळी रिकामी. तरी खालीच. वजनं लोंबकळत होती आणि रिकामी फळी खालीच.



मग खांबावर... टक, टक.

फळी सुटली. वर धडाड्! अख्खं तळघर हादरलं. वरच्या लोकांना वाटलं विदूषक पडला. ते पोट धरधरून हसले.

अडसर तुटला नाही. फळी संथपणे खाली आली. तिच्यावर काही नव्हतं.

बऱ्याच वेळानं जोनासनं शिडी लावली, कंदील दाराजवळ नेला आणि तसाच उतरून बाजूला झाला. एझ्रा वर चढला.

पाकळ्यांवरच्या ताज्या चरबीत डोक्याएवढा एक गोल खळगा पडला होता. दोन्ही बाजूंना पंजे उमटले होते. उजव्याची बोटं पाच.

डाव्याची चार.