सिनेटरची शेवटची चार पानं

"सोमवारपर्यंत डायरी परत गेली नाही, तर तिची मालकीणबाई पोलिसांत माझं नाव देणार," उत्तरा रडत म्हणाली. "माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, इला. मी संपले!"

ऐन दसऱ्याला पार्सिपनीतलं ते घर सुतक असल्यासारखं गप्प होतं. खासगी डिटेक्टिव्ह इला नुसती ऐकत होती. तिचा मदतनीस श्रीरंग सगळं लिहून घेत होता. समजलं नाही की लिहून घ्यायचं, हा त्याचा खाक्या.

उत्तराचे सासरे बाळकाका, निवृत्त इंजिनिअर, बारा वर्षं सिनेटर व्हिटलॉकचं चरित्र लिहीत होते. डकोटाच्या माळावर तंबूत बँक काढून पुढे थेट वॉशिंग्टन गाठणारा माणूस! त्याची डायरी त्याच्या पणतीने विश्वासाने दिली होती. मंगळवारी ती कपाटातून गेली.

"किल्ली कोणाकडे?" इलाने विचारलं.

"माझ्याकडे. आणि उत्तराकडे," काका खाली बघत म्हणाले.

"घरातली पोथी लेकीकडे हर्नडनला दिली, तेव्हापासून घराला दृष्टच लागलीय," काकांच्या पत्नी अहिल्याकाकूंनी डोळे पुसले.

"उत्तरा, तुझं डायरीचं टायपिंग कुठवर आलं होतं?"

"शेवटची चार पानं राहिली. ती मीच वाचतो, म्हणाले बाबा. त्यानंतर त्यांनी एक ओळ डिक्टेट केली नाही."

श्रीरंगला टेबलाच्या वर भिंतीत रिकामा खिळा दिसला. "इथे काय होतं?"

"सिनेटरचा फोटो. मंगळवारी यांनीच उतरवला," काकू म्हणाल्या.

कोपऱ्यात पाटावर सरस्वती होती. पुढे पुस्तकं, सगळ्यांत वर लाल फडक्यात बांधलेली पोथी असावी. ती तिरकी झालेली बघून श्रीरंग वाकला.

"हात लावू नका!" काका ओरडले. "आज उचलायचं नसतं!"

इला शांतपणे म्हणाली, "चोर कपाट फोडेल, फोटो कशाला उतरवेल? फोटो उतरवतो तो मन विटलेला माणूस. शेवटची पानं वाचली फक्त काकांनी. डायरी जाळायला हात धजला नाही. कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणारी आपण माणसं. आणि आज पूजेतल्या पुस्तकांना घरात कोणी शिवणार नाही. पण काका, पोथी तर हर्नडनला आहे. मग या फडक्यात काय आहे?"

काका पाटापुढे येऊन बसले.

"व्हिटलॉकने शेवटच्या पानांत कबूल केलंय, बँक बुडणार हे त्याला ठाऊक होतं. आदल्या दिवशी विधवांच्या ठेवी घेतल्यान्, आणि स्वतःचं सोनं घेऊन पळाला. बारा वर्षं मी त्याला देव मानला! आता या वयात काय लिहू?"

"स्वतःला वाचवायला त्याने दुसऱ्यांना बुडवलं," इला म्हणाली. "तुम्ही उत्तराला."

दसरा सरायची वाट न बघता काकांनी गाठ सोडली, आणि डायरी सुनेपुढे धरली.

"मालकीणबाईंना फोन लाव. डायरी मीच लपवली, हे मी सांगतो. मग टायपिंगला बस. चार पानं राहिलीत."