नईम शिकलगार, कमरेपर्यंत पेटीत

नईम शिकलगारशी माझं लग्न झालं. सांगलीतच झालं, बिर्याणी थोडी कमी पडली, आणि वलीम्याच्या जेवणाला सुहासिनीमॅडम चक्क गुलाबी साडी नेसून आल्या.

आता हे विसरा. असं अजून काहीही झालेलं नाही. बिर्याणी शिजलेली नाही, साडी कपाटात आहे, आणि नईम शिकलगार नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही. मी, अरिबा मणेर, दवाखान्याच्या जिन्यात उभी आहे. माझ्या हातात एक चिमटा आहे, आणि बाहेर गावभर हळद शिजतेय.

हळदीच्या हंगामात आमच्याकडे असंच असतं. सकाळचं धुकं आणि शिजल्या हळदीचा वास एकमेकांत इतके मिसळतात, की खिडकी उघडली की वाटतं आपण अजून उठलोच नाही... कुणाच्या तरी पिवळट, ऊबदार स्वप्नात उभे आहोत.

अशा स्वप्नात स्वप्नालीसिस्टरचा डबा जिन्यात पडला. झाकण उघडलं आणि बीटाची कोशिंबीर पायऱ्यापायऱ्यांनी खाली निघाली. खालून एक जण वर येत होता. हातात धार लावून आणलेल्या कात्र्यांचा ट्रे. त्यानं पायऱ्यांवरचं लाल पाहिलं, ट्रे अगदी हलक्या हातानं बाजूला ठेवला, आणि मटकन खाली बसला.

"रगात..." तो म्हणाला.

"बीट आहे," मी म्हणाले.

"कुणाचं?"

"स्वप्नालीसिस्टरचं."

त्यानं डोळे मिटले. "बिचाऱ्या."

दुसऱ्या कुठल्याही मुलीनं अशा वेळी पाणी आणलं असतं. मी त्याच्या बोटाला चिमटा लावला. माझाही नाइलाज होता. पांढरा पडलेला माणूस मिळावा म्हणून मी कित्येक महिने वाट पाहत होते, आणि इथे तो स्वतःहून जिना चढून आला होता.

"ह्ये काय?" त्यानं एक डोळा उघडला.

"नाडीची लाट दिसते यात. अंगातलं रक्त, पाणी किती शिल्लक आहे ते कळतं."

"सुई न्हाई?"

"नाही."

"रगात न्हाई काढत?"

"थेंबभरसुद्धा नाही. नुसतं बघून कळतं."

त्यानं दुसराही डोळा उघडला. डोळे बरे होते. म्हणजे... बरेच बरे होते.

"मग बघा की," तो म्हणाला. "मी बसलोय."

तो शिराळ्याचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या धार लावायचं काम. दवाखान्यातल्या कात्र्या न्यायच्या, धार लावून आणून द्यायच्या. त्या कात्र्या पुढे काय करतात, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. अख्ख्या खानदानात रक्त बघून बसणारा हा एकटाच, असं त्यानं थोड्या अभिमानानंच सांगितलं.

आता चिमट्याबद्दल सांगते. अंगातलं रक्त किंवा पाणी कमी झालं तर शरीर लगेच बोंब मारत नाही. नसा आवळून घेतं, ठोके सावरतं, आणि बीपी आहे तिथंच ठेवतं. घरातली साखर संपलेली असताना पाहुण्यांना "बसा की, चहा टाकते" म्हणणाऱ्या बाईसारखं. मग एकदम सगळं कोसळतं. पण नाडीच्या लाटेचा आकार मात्र आधीपासून बदलायला लागलेला असतो. आमचं मशीन तो आकार वाचतं आणि एक आकडा देतं, 'राखीव' नावाचा. शंभर म्हणजे टाकी भरलेली. शून्य म्हणजे माणूस आडवा.

माझी रहिमतबी खाला, म्हणजे मावशी, म्हसवडला बाळंत झाली, तेव्हा असं मशीन नव्हतं. साताऱ्याला नेताना मी गाडीत तिच्या शेजारी होते. सगळ्या वाटेनं बीपी छान होतं. खालाही छान होती, मला म्हणाली, "गाडी लय हलतीया गं, बाळ झोपलंय न्हवं?" सातारा दिसायला लागला आणि बीपी पडलं. आत किती वाहून गेलं होतं ते तेव्हा कळलं, आणि तेव्हा कळून उपयोग नव्हता.

म्हणून मी हे काम घेतलं. माझ्या आयुष्यात यापेक्षा गंभीर काही नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण आता पेटीचं सांगायचंय.

माणसाचं खरं रक्त न सांडता तो रक्त गेल्यासारखा वागला पाहिजे, तर काय करायचं? त्याला कमरेपर्यंत लाकडी पेटीत घालायचं, कमरेभोवती ट्रकच्या ट्यूबचं रबर आवळायचं, आणि पेटीतली हवा व्हॅक्यूम क्लीनरनं ओढायची. रक्त पायांकडे जातं. हृदयाला वाटतं, गेलं की हो! चक्कर यायच्या आत बटण बंद केलं की सगळं परत जागेवर. जगात मोठमोठ्या ठिकाणी असंच करतात. त्यांच्या पेट्या फक्त जास्त देखण्या असतात.

नईमनं आमच्या या अभ्यासात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. प्रत्येकानं तीनदा यायचं, सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता. आणि नियम असा, की अभ्यास संपेपर्यंत स्वयंसेवकाशी कामाबाहेर बोलायचं नाही, भेटायचं नाही. अभ्यास संपायला अजून दोन वर्षं होती.

पहिल्या दिवशी तो पेटीत आडवा झाला आणि छताकडे बघत म्हणाला, "मॅडम, अर्धा माणूस तुमच्या ताब्यात दिलाय."

"कुठला अर्धा?"

"वरचा तुमाला, खालचा पेटीला."

"बोलू नका, लाट हलते."

"लाट हलली तर कळतं व्हय कशानं हलली?"

"नाही."

"मग हलू द्या की..."

व्हॅक्यूम क्लीनर घरघरत होता. खिडकीतून हळदीचा वास येत होता. इतरांचा आकडा एव्हाना निम्म्यावर येतो, नईमचा जागचा हलेना. दुसऱ्या वेळीही तेच. जोर वाढवला, तरी गडी पेटीत निवांत, जणू कृष्णाकाठी पाय सोडून बसलाय.

सुहासिनीमॅडम, म्हणजे माझ्या गाईड, त्यांनी सगळे आलेख टेबलावर पसरले. मॅडम कधी हसत नाहीत. हसू त्यांना पुराव्याअभावी मान्य नाही.

"मशीन ठीक, पेटी ठीक, मुलगा ठीक," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या वेळी खोलीत प्रांजल असते, याच्या वेळी तू. फरक एकच आहे, अरिबा. तू."

"मी?"

"तू खोलीत असलीस की त्याचा आकडा उतरत नाही. तिसऱ्या वेळी तू बाहेर. तरीही तसंच झालं तर त्याला अभ्यासातून वगळायचं."

मी "हो मॅडम" म्हणाले आणि संध्याकाळी आयर्विन पुलावर गेले. पूल तरंगत होता. तो दगडी आहे, मला माहीत आहे. खाली नदी धुक्यात कुठेतरी होती, आणि मी विचार करत होते, की एका माणसाचं रक्त माझ्याकडे बघून जागचं हलत नाही... पायांकडे निघालेलं रक्त म्हणतं, थांबा, ती आहे अजून. शास्त्राच्या इतिहासात एवढं सुंदर कुणाला कुणी काही म्हटलं नसेल. पुढच्या खेपेला मी खोलीबाहेर, त्यानंतर तो कायमचा बाहेर. तेवढं सोडलं तर मी अतिशय सुखात होते.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी सकाळी डबा विसरला म्हणून मी घरी परतले. आमचं पुढे बांगड्यांचं दुकान, मागे घर. मागच्या पायरीवर नईम बसला होता. हातात अम्मीचा झारा, शेजारी भरलेला तांब्या. तो झाऱ्याला धार लावत होता.

"झाऱ्याला?" माझ्या तोंडून एवढंच आलं.

"घरातलं बाकी सगळं झालं लावून," अम्मी आतून म्हणाली. "विळी झाली, अडकित्ता झाला. पी रं बाबा, तांब्या रिकामा कर."

"अम्मी, काय आहे त्यात?"

"लिंबाचं सरबत. मीठ, साखर घालून. आगं, दिवसभर पेटीत घालून पोराचं रगात ओढायलीस, आन् वर उपाशी बोलवायलीस? माणसाची जात हाय का कसायाची? मी आपली दर बारीला दोन तांबे पाजून धाडते."

दोन तांबे. मीठ, साखर घालून. टाकी काठोकाठ.

म्हणजे माझ्यामुळे नव्हतं. लिंबामुळे होतं. अम्मी आत गेली. मी पायरीच्या कडेला, शक्य तितक्या प्रतिष्ठेनं, उभी राहिले.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, काही प्यायचं नाही?"

"चाचींनी हातात दिल्यावर खाली कसं ठिवायचं? तुमीच सांगा."

तेही खरंच. आमच्या भागात बाईमाणसानं हातात दिलेला तांब्या तसाच परत करणं म्हणजे भांडण.

"मग सांगायचं होतंत मला. माझं सगळं काम... आणि मला उगाच वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. सरबत आवडतं वाटतं फार."

नईमनं झारा खाली ठेवला. तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मला लिंबू चालत न्हाई," तो म्हणाला. "ल्हानपणापास्नं. दात आंबत्यात, डोकं चढतं."

"मग आलात कशाला इथे?"

त्यानं झारा परत उचलला आणि उगाचच पुसायला घेतला. दुकानातून बांगड्यांची किणकिण येत होती...

"आज पिऊ नका," मी म्हणाले. आवाज माझाच होता, थोडा वरून आल्यासारखा.

मॅडमना सगळं सांगितलं. "सरबत," त्यांनी लिहून घेतलं. मागचे दोन्ही दिवस बाद झाले. आजचा एकच हातात, आणि खरं कारण सरबत ठरल्यामुळे मला खोलीत राहायला परवानगी.

मॅडम स्वतः आलेखाशी उभ्या राहिल्या आणि व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला. या वेळी आकडा निघाला... नव्वद, ऐंशी, सत्तर, पायरीपायरीनं. बीपी उत्तम. आम्हाला दाखवायचं होतं ते हेच: बीपी पडायला लागेपर्यंत थांबायचं, आणि मशीनला किती आधी कळलं होतं ते नोंदवायचं.

"कसं वाटतंय?"

"झ्याक. तुमच्या कानात आज निळे डूल हायेत."

चाळीस. बीपी उत्तम. मी नियमात नसताना त्याचा हात धरला. हात धरल्यानं आकड्यावर कोणताही परिणाम झाला नाही. ही शास्त्रीय नोंद आहे.

तीस. तो हसला. ओठांच्या कडा किंचित पांढऱ्या. "चालू दे अरिबा," तो म्हणाला, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता. "तुझं काम हाय. मला काय झालं न्हाई. खरंच."

बीपी उत्तम. आणि मला ती गाडी दिसली, हलणारी, आणि तिच्यात सगळे सांगतायत, छान आहे, छान आहे.

मी बटण बंद केलं.

खोलीत एकदम इतकी शांतता झाली की हळदीचा वाससुद्धा ऐकू आला. नईमच्या गालांवर रंग परत आला, हळूहळू.

"का थांबवलंस?" मॅडम म्हणाल्या. "बीपी पडलेलं नव्हतं. ही नोंद अपुरी आहे."

"मशीननं सांगितलं म्हणून, मॅडम. त्याचं ऐकून थांबायचं नसेल, तर आपण ते बनवतोय कशाला?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नोंद वगळावी लागेल."

"हो मॅडम."

"आणि मुलालाही."

"...हो मॅडम."

त्या दारापर्यंत गेल्या. "स्वयंसेवकाला भेटायचं नाही, असा नियम आहे," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. "वगळलेला माणूस स्वयंसेवक नसतो. त्याच्याबद्दल मी काही नियम लिहिलेलेच नाहीत. राहून गेलं." आणि गेल्या. त्या हसल्या का, याला पुरावा नाही.

नईम अजून कमरेपर्यंत पेटीतच होता.

"म्हंजे मी नापास?"

"पूर्ण."

"लय बेस झालं." त्यानं माझा हात सोडला नव्हता. "आता कामाबाहेरचं बोलू का?"

"बोल."

"पेटीत असताना बोलायचं ठरवलं हुतं. म्हटलं, बोललो आन् तू न्हाई म्हणालीस, तर चक्कर आली म्हणून सांगता येईल."

"आणि आता?"

"आता सगळं रगात जाग्यावर हाय. आता शुद्धीत बोलतोय. मला तू लय आवडतीस."

त्याचं बोट माझ्या हातात होतं. त्यावर चिमटा नव्हता; मी मुद्दामच काढून ठेवला होता.

"हरिपूरला येशील? संगमावर," मी म्हणाले. "आज. ऊन उतरायच्या आत."

ऊन उतरायच्या बरंच आत आम्ही पोचलो. वारणा कृष्णेत शिरते तिथे पाण्यावर एक फिकट रेघ दिसते, कुठलं पाणी कुणाचं ते सांगणारी, आणि थोडं पुढे ती नाहीशी होते. आम्ही ती कुठे नाहीशी होते ते बघत बसलो. नक्की ठरेना. मग ऊन तांबूस झालं, नईमनं खांदा माझ्या खांद्याला टेकवला, आणि मी फोन काढून आमच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला हे लिहिलं:

प्रति,
मा. अध्यक्ष, नैतिकता समिती.
विषय: निरीक्षण अपुरे राहिल्याबाबत.

महोदय,
वगळलेले स्वयंसेवक श्री. नईम शिकलगार यांचे निरीक्षण हरिपूर येथे चालू असून ते दिवसाउजेडीच करणे आवश्यक आहे. उपलब्ध उजेड अपुरा पडत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी संबंधित विभागास योग्य त्या सूचना देऊन येथील सूर्यास्त पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.