उरलेली टीप

बाबांचं ऑपरेशन चालू होतं. आईने मला शाल आणायला पाठवलं, एवढंच. "शुद्धीवर आले की हुडहुडी भरेल त्यांना," नर्स म्हणाली होती. बाबांची लोकरी शाल दुकानातल्या खुर्चीवर राहिली होती आणि दुकान हॉस्पिटलच्या मागच्याच रस्त्यावर.

बाबा शिंपी आहेत. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कमानीत त्यांना फुगा आला होता. मागे डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून आतून कापडी अस्तर बसवलं. ते सरकलं. आता छाती उघडून नवं शिवायचं होतं.

"घसरलेलं अस्तर ओढूनताणून बसत नाही," बाबा डॉक्टरांना म्हणाले. "उसवा बिनधास्त. फक्त बेताने कापा, बदलून द्यायला हिच्याकडे दुसरा बाप नाही."

डॉक्टर हसले. मग हळूच म्हणाले, शिवताना शरीर एकदम गार करून रक्त थोडा वेळ पूर्ण थांबवावं लागतं.

तेवढा वेळ माणूस कुठे असतो, मला विचारायचं होतं. पण चारचौघांत माझं तोंड उघडत नाही.

मी शटर अर्धं वर केलं. भर दुपार होती, तरी आतला गारवा पायांवर आला. खडूचा वास, गरम इस्त्रीचा वास. आणि मशीन चालू होतं.

समोर कुणी नव्हतं. पायडल हलत होतं. माझ्या गणवेशाचा स्कर्ट सुईखालून सरकत होता आणि बाबांचं गुणगुणणं येत होतं... लांब टीप मारताना येतं तसं.

अचानक ॲडमिट व्हावं लागलं म्हणून ती टीप अर्धी राहिली होती. एरवी जेवण गार होऊ दे, आई ओरडू दे, टीप संपवून दोरा तोडल्याशिवाय बाबा उठत नाहीत.

घेर संपत आला होता. दोरा तुटला की ते उठणार... आणि जाणार कुठे?

"बाबा," मी म्हटलं, "राहू द्या ना."

पायडल थांबलं.

"थोडीच राहिली गं पोरी..."

"घरी आल्यावर करा... बाबा, घरी या."

फोन वाजला. आई रडत होती. "हृदय चालू झालं गं! ये लवकर."

बाबा घरी आले. आवाज मात्र आला नाही. ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावली, आवाज परत येईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. बाबा नुसत्या श्वासाने बोलतात. दुकान अजून बंदच आहे.

शाळेतून येताना मी शटर उचलून आत जाते. दप्तर मांडीवर घेऊन बसते. रिकाम्या मशीनपाशी बाबांचा आवाज गुणगुणत असतो.

त्या दुपारी वीतभर टीप उरली होती. काल बघितलं, चार बोटं.

टीप संपायच्या आत स्कर्ट काढून न्यायला हवा, कळतं मला. पण हात लावला की गुणगुणणं थांबतं. मग मी हात मागे घेते आणि अजून थोडं ऐकते.